शेवटच्या तीन महिन्यांतील जांघेचे आणि कंबरेखालचे दुखणे : घरातल्या हालचाली कशा सांभाळाव्यात

सलवार घालण्यासाठी एक पाय उचलला आणि दोन्ही मांड्यांच्या मधोमध, पुढच्या हाडात, अशी कळ आली की भिंतीचा आधार घ्यावा लागला. दुसऱ्या गरोदरपणाच्या ३१व्या आठवड्यात माझे दुखणे असे सुरू झाले. पुढच्या आठ दिवसांत पलंगावर कूस बदलणे, जिना चढणे आणि रिक्षातून उतरणे ही तिन्ही कामे मला घाबरवू लागली. तपासणीच्या वेळी सांगितले तेव्हा "दिवस भरत आले की असे होतेच" एवढेच उत्तर मिळाले, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी उकिडवे बसून फरशी पुसायला सुचवले, कारण त्याने बाळंतपण सोपे होते असा त्यांचा मनापासूनचा समज होता. मी दोन दिवस फरशी पुसली आणि तिसऱ्या दिवशी पाऊल उचलणेही कठीण झाले. त्यानंतर एका फिजिओथेरपिस्टने तपासून या दुखण्याचे कारण समजावले आणि हालचालींची पद्धत बदलून दिली. ती पद्धत आधी कळली असती तर माझे बरेच हाल टळले असते, म्हणून ती इथे सविस्तर लिहीत आहे.

दुखते ते नेमके काय

कंबरेखालचा हाडांचा घेर तीन सांध्यांनी बांधलेला असतो. एक सांधा पुढे, ओटीपोटाच्या अगदी खाली असतो, आणि दोन मागे, माकडहाडाच्या वर, कंबरेवर जिथे खळ्या दिसतात त्यांच्या आसपास असतात. एरवी हे सांधे जवळजवळ हलत नाहीत. गरोदरपणात संप्रेरकांमुळे त्यांना धरून ठेवणारे बंध सैल होतात. पुढच्या सांध्यातील फट एरवी साधारण चार ते पाच मिलिमीटर असते, ती दोन-तीन मिलिमीटरने वाढते, आणि हे सगळ्याच गरोदर स्त्रियांमध्ये घडते. दुखणे मात्र सगळ्यांना होत नाही. जिचे सांधे दोन्ही बाजूंनी सारखे हलत नाहीत, जिच्या पोटाचे आणि नितंबांचे स्नायू वाढलेला भार पेलायला कमी पडतात, किंवा जिला आधी कंबरेची दुखापत झालेली असते, तिला ते होण्याची शक्यता अधिक असते. साधारण पाच गरोदर स्त्रियांपैकी एकीला हा त्रास कमीअधिक प्रमाणात होतो. डॉक्टर त्याला पेल्विक गर्डल पेन म्हणतात. या दुखण्याने बाळाला इजा होत नाही, ही गोष्ट सर्वांत आधी मनात पक्की करावी, कारण रात्री कळ आली की पहिली भीती तीच वाटते.

हे दुखणे ओळखण्याची खूण अशी की ते हालचालीशी बांधलेले असते. एका पायावर भार आला, मांड्या एकमेकींपासून लांब गेल्या किंवा कंबर पिळली गेली की चमक भरते, आणि दोन्ही पाय सारखे ठेवून स्वस्थ बसले की ती ओसरते. कधी पुढच्या हाडातून "कट्" असा आवाज येतो, कधी दुखणे मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरते, तर कधी केवळ एकाच नितंबात ठणकत राहते. प्रसूतीच्या कळा वेगळ्या असतात. त्या लाटेसारख्या येतात आणि जातात, त्या वेळी पोट दगडासारखे कडक होते, आणि बसण्याची पद्धत बदलून त्या थांबत नाहीत.

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमजली. या दुखण्यात श्रम आणि वेदना यांच्यात काही तासांचे अंतर असते. सकाळी बाजारात तासभर फिरताना काहीच वाटत नाही आणि रात्री अकरा वाजता पाय उचलत नाही. त्यामुळे "आत्ता दुखत नाही, तेव्हा करून टाकू" हा हिशेब चुकतो. रोज रात्री दोन ओळींत दिवसभर काय केले आणि किती दुखले हे लिहून ठेवले, तर आठवड्याभरात आपले कोणते काम आपल्याला महागात पडते हे स्पष्ट दिसते. माझ्या वहीत ते काम कपडे वाळत घालणे हे निघाले, कारण दोरी उंच होती आणि मी दर वेळी एका पायाच्या चवड्यावर उभी राहत होते.

ज्या मदतीच्या सल्ल्यांनी त्रास वाढतो

आपल्याकडे बाळंतपण सोपे व्हावे म्हणून उकिडवे बसणे, फरशी पुसणे, पाय फाकून जात्यावर दळल्यासारखी हालचाल करणे, आणि योगवर्गात बद्धकोनासन व मलासन करणे हे सरसकट सुचवले जाते. ज्या स्त्रीचे सांधे दुखत नाहीत तिने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली यातले काही करायला हरकत नसते. परंतु ज्या स्त्रीचा पुढचा सांधा दुखतो तिच्यासाठी मांड्या दूर नेणारी आणि एका पायावर तोलणारी प्रत्येक हालचाल आधीच ताणलेल्या बंधांना आणखी ताणते. त्रिकोणासन, वृक्षासन, लांब ढांगा टाकत भराभर चालणे हेही त्यातच येते. सल्ला देणाऱ्यांचे प्रेम खरे असते, म्हणून त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा तपासणीला जाताना त्यांना सोबत न्यावे आणि डॉक्टरांच्या तोंडून हे ऐकू द्यावे, असे मी सुचवीन. आमच्या घरी याच एका गोष्टीने वातावरण बदलले. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात ओट्यापाशी खुर्ची आणून ठेवली, आणि भाजी निवडणे, पीठ मळणे ही कामे मी बसून करू लागले.

दोन गुडघे, एक हालचाल

साऱ्या पद्धतीचा गाभा एवढाच आहे की दोन्ही गुडघे एकमेकांजवळ ठेवून शरीर एकसंध हलवावे आणि भार दोन्ही पायांवर सारखा टाकावा. हे वाचायला सोपे वाटते, पण रोजच्या कामांत ते मुद्दाम शिकावे लागते, म्हणून एकेक काम घेऊन सांगते.

सर्वांत कठीण काम रात्री कूस बदलण्याचे. आधी डाव्या किंवा उजव्या कुशीवर असतानाच गुडघे वाकवून मध्ये एक घट्ट उशी धरावी. उशी गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत पोहोचेल एवढी लांब असावी, कारण केवळ गुडघ्यांत उशी घेतली तर वरच्या पायाचे पाऊल खाली लोंबते आणि कंबर पिळली जाते. वळण्यापूर्वी एक श्वास सोडावा, नितंब आवळावेत, उशी गुडघ्यांनी किंचित दाबावी आणि मग खांदे, कंबर व गुडघे एकाच वेळी, ओंडका लोटावा तसे वळवावेत. आधी खांदे आणि मागाहून पाय असे तुकड्यातुकड्याने वळले की कळ आलीच म्हणून समजावे. सुती चादरीवर अंग अडखळते. मी कंबरेखाली जुन्या नायलॉनच्या साडीची घडी अंथरत असे, त्यावर शरीर अलगद सरकते. पोटाखाली एक पातळ उशी किंवा घडी केलेली चादर ठेवली की पोटाचा ओढा कमी होतो. २८व्या आठवड्यानंतर झोपताना कुशीवर झोपावे असे डॉक्टर सांगतातच, या दुखण्यातही तीच स्थिती सोयीची पडते.

अंथरुणातून उठताना थेट उठून बसू नये. कुशीवर वळून दोन्ही पाय एकत्र पलंगाखाली सोडावेत, त्याच वेळी कोपर आणि तळहात रेटून धड वर आणावे, काठावर क्षणभर बसावे, आणि मग दोन्ही पावलांवर सारखा भार देत उभे राहावे. जमिनीवर अंथरूण घालून झोपण्याची सवय असेल तर शेवटच्या महिन्यांपुरता तरी पलंग किंवा दिवाण वापरावा. तो नसेलच तर दोन गाद्या एकावर एक रचून उंची वाढवावी, आणि उठण्यासाठी जवळ एक मजबूत खुर्ची ठेवावी.

कपडे नेहमी बसून घालावेत. सलवार, लेगिंग किंवा अंतर्वस्त्र घालताना खुर्चीवर बसून दोन्ही पाय त्यात घालावेत आणि मग उभे राहून ते वर ओढावे. जिना चढताना जो पाय कमी दुखतो तो आधी वरच्या पायरीवर ठेवावा आणि दुसरा त्याच पायरीवर आणून जोडावा. उतरताना याच्या उलट, दुखरा पाय आधी खाली ठेवावा. कठडा धरावाच. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या स्त्रीने दिवसाच्या फेऱ्या मोजून ठरवाव्यात, आणि दूध-भाजी वर आणण्याचे काम दुसऱ्या कुणाकडे सोपवावे.

रिक्षात किंवा मोटारीत बसताना आधी पाठमोरे होऊन आसनावर टेकावे आणि मग दोन्ही गुडघे जुळवून पाय आत घ्यावेत. उतरताना आधी दोन्ही पाय एकत्र बाहेर काढावेत. आसनावर प्लास्टिकची पिशवी ठेवली तर अंग सहज फिरते. मात्र गाडी सुरू होण्यापूर्वी ती काढून टाकावी, नाहीतर ब्रेक लागताच आपण पुढे घसरतो. स्कूटरवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसले तर मांड्या ताणल्या जातात आणि एका बाजूला बसले तर कंबर पिळली जाते, शिवाय पडण्याचा धोका राहतो, म्हणून या काळात तो प्रवास बंदच ठेवावा. एसटीच्या उंच पायऱ्या टाळता आल्या तर टाळाव्यात. टाळता येत नसतील तर सोबत कुणीतरी असावे.

शौचालयाचा प्रश्न मोकळेपणाने बोलला जात नाही, पण या दुखण्यात तो फार मोठा असतो. भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर उकिडवे बसणे आणि विशेषतः तिथून उठणे जिकिरीचे होते. घरात पाश्चात्त्य पद्धतीचा कमोड नसेल तर मध्ये भोक असलेली कमोडची खुर्ची शौचकूपावर ठेवता येते. वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत ती मिळते, आणि बाळंतपणानंतरही उपयोगी पडते. कुंथावे लागू नये म्हणून पाणी, पालेभाज्या आणि फळे भरपूर घ्यावीत, कारण लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होणाऱ्या स्त्रियांची संख्या कमी नाही.

घरात लहान मूल असेल तर त्याला एका कमरेवर घेणे पूर्णपणे सोडावे. मूल रडते, आपले मनही तुटते. अशा वेळी आपण पलंगावर किंवा सोफ्यावर बसावे आणि त्याला स्वतः चढून जवळ येऊ द्यावे. माझ्या मोठ्या मुलीला हे चार दिवसांत समजले आणि ती स्वतःच "आई, तू बस, मग मी येते" असे म्हणू लागली. पाण्याची भरलेली बादली ओढणे, जड कपाट किंवा पलंग सरकवणे, पायाने एखादी वस्तू लोटणे ही कामेही टाळावीत. डोहाळजेवणात किंवा पूजेत पाटावर मांडी घालून तासभर बसावे लागते. त्याऐवजी पाठ टेकता येईल अशी खुर्ची आधीच मागून घ्यावी, त्यात संकोच करण्यासारखे काहीही नाही.

व्यायाम, पट्टा आणि शेक

पूर्ण विश्रांतीने हे दुखणे जात नाही. उलट स्नायू शिथिल होऊन सांध्यांचा आधार कमी होतो. म्हणून थोडे चालणे, मग बसणे, असा क्रम ठेवावा आणि पावले लहान टाकावीत. व्यायाम सुरू करण्यापूर्वी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावे, आणि शक्य असल्यास गरोदर स्त्रियांवर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तरी तपासून घ्यावे, कारण कोणत्या बाजूचा सांधा अडतो आहे हे हाताने तपासल्याशिवाय कळत नाही. कित्येकदा हाताच्या सौम्य उपचारांनी दोन-तीन भेटींतच फरक पडतो. जितक्या लवकर जावे तितके चांगले. नववा महिना लागेपर्यंत वाट पाहू नये.

मला उपयोगी पडलेले व्यायाम मोजकेच होते. खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये गुंडाळलेला टॉवेल धरायचा, तो हलकेच दाबून पाच अंक मोजायचे आणि सोडायचा. तळहात आणि गुडघे टेकून, पाठ सरळ ठेवून, श्वास सोडताना पोट मणक्याकडे ओढून घ्यायचे आणि पुन्हा सैल सोडायचे. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात ते दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी दहाएकदा, आवळून सोडायचे. मात्र प्रत्यक्ष लघवी करताना ती अडवून हा व्यायाम करू नये. कोणत्याही व्यायामाने दुखू लागले तर तो त्या दिवसापुरता थांबवावा. पाण्यात चालणे किंवा पोहणे शक्य असेल त्यांना त्यात फार आराम मिळतो, परंतु बेडकासारखे पाय फाकून पोहण्याचा प्रकार करू नये.

पट्ट्याविषयी गैरसमज बराच आहे. पोट उचलून धरणारा पट्टा वेगळा आणि सांधे आवळून धरणारा पट्टा वेगळा. दुसरा पट्टा अरुंद असतो आणि तो पोटावर न बांधता खाली, खुब्याची हाडे जिथे हाताला लागतात त्या पातळीवर बांधावा लागतो. उभे असताना व चालताना तो वापरावा, झोपताना काढून ठेवावा. बांधल्यावर चालणे सुकर झाले तर तो योग्य बसला आहे; दुखणे वाढले किंवा पायाला मुंग्या आल्या तर लगेच सोडावा. माप न घेता केवळ जाहिरात पाहून तो मागवू नये.

कंबरेच्या मागच्या बाजूला आणि नितंबावर गरम पाण्याच्या पिशवीचा सौम्य शेक घेता येतो. पुढच्या हाडावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे ठेवला की ठणका उतरतो. पोटावर कढत शेक घेऊ नये आणि मालिश करणाऱ्या बाईला कंबर दाबून किंवा पाय ओढून "हाड बसवू" देऊ नये.

औषधांच्या बाबतीत अतिशय सावध राहावे. डॉक्टरांना विचारून योग्य मात्रेत पॅरासिटामॉल घेता येते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक ही औषधे मात्र विसाव्या आठवड्यानंतर स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक आवश्यक रक्तवाहिनी वेळेआधी आकुंचित होऊ शकते. औषधांच्या दुकानात अंगदुखीची गोळी मागितली की पॅरासिटामॉलसोबत यांतले एखादे औषध मिसळलेली गोळी हातात येण्याची शक्यता असते. म्हणून गोळीच्या पाकिटावरील सगळे घटक वाचावेत आणि आपण गरोदर आहोत हे दुकानदाराला सांगावे. दुखऱ्या जागी चोळायच्या मलमांनाही हाच नियम लागू आहे.

केव्हा थांबू नये

पुढीलपैकी काहीही झाले तर ते सांध्यांचे दुखणे समजून घरी बसू नये, लगेच रुग्णालय गाठावे : अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी ठरावीक अंतराने कळा येणे, पोट सतत कडक राहणे, बाळाची हालचाल कमी होणे, ताप येणे किंवा लघवीला जळजळ होणे, तीव्र डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी येणे, एकच पोटरी सुजून दुखणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, आणि पायावर अजिबात भार न देता येणे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, आणि गरोदर स्त्रियांना सरकारी रुग्णालयात नेण्या-आणण्यासाठी १०२ची सेवा मोफत आहे. खाजगी तपासणीचा खर्च परवडत नसेल त्यांनी दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी केंद्रात होणाऱ्या मोफत तपासणीला जावे आणि दुखण्याची तक्रार तिथे नोंदवून घ्यावी.

नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी एक माहिती. मातृत्व लाभाच्या कायद्याप्रमाणे पात्र स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते आणि त्यातील आठ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वी घेता येतात. फार वेळ उभे राहावे लागेल असे काम शेवटच्या टप्प्यात नको असल्यास तशी विनंती करण्याची तरतूदही आहे. शिक्षिका, परिचारिका, दुकानातील विक्रेत्या यांनी डॉक्टरांचे पत्र जोडून ही विनंती लेखी करावी.

प्रसूतीची तयारी आणि नंतरचे दिवस

या दुखण्यामुळे सिझेरियन करावेच लागते असे नाही. बहुतेक स्त्रियांची प्रसूती नैसर्गिक होऊ शकते. त्यासाठी एक साधी तयारी करून ठेवावी. पलंगाच्या काठावर बसून गुडघे हळूहळू दूर न्यावेत, कळ सुरू होण्यापूर्वी थांबावे आणि दोन गुडघ्यांमधले अंतर नवऱ्याला किंवा बहिणीला टेपने मोजायला सांगून ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहावे. प्रसूतिगृहात गेल्यावर ते डॉक्टरांना आणि परिचारिकेला दाखवावे, आणि शक्यतो त्याहून अधिक गुडघे फाकवू नयेत अशी विनंती करावी. पाय वर बांधायची वेळ आलीच तर दोन्ही पाय एकाच वेळी उचलावेत आणि एकाच वेळी खाली घ्यावेत. कुशीवर झोपून किंवा गुडघे-तळहात टेकून कळा देणे या सांध्यांना अधिक मानवते. वेदना कमी करणारे एपिड्युरल घेतले असेल तर हे अंतर आणखी कटाक्षाने पाळावे लागते, कारण ताण पडत असूनही तो जाणवत नाही.

बाळ झाल्यावर बहुतेकींचे दुखणे काही आठवड्यांत ओसरते, पण बंध लगेच घट्ट होत नाहीत. म्हणून पहिल्या दिवसांत कूस बदलण्याची आणि जिन्याची तीच पद्धत चालू ठेवावी. दूध पाजताना मांडी घालून बसण्यापेक्षा खुर्चीत पाठ टेकून, पायांखाली छोटे स्टूल घेऊन बसावे. पाटावर बसून, पाय लांब करून, पायांवर बाळाला आंघोळ घालण्याचे काम आजीकडे किंवा मालिशवालीकडे द्यावे. सहा आठवड्यांच्या तपासणीला निघताना कठडा किंवा टेबल धरून एका पायावर उभे राहून पाहावे. अजूनही कळ येत असेल तर बाळाच्या लशींच्या आणि वजनाच्या चौकशीत ती राहून जाऊ देऊ नये, ती डॉक्टरांना सांगून फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी मागून घ्यावी.